उलटा मुलामा

मामांना रंग पारखायचा असला की ते दिव्याखाली कधी पारखत नसत. वस्तू घेऊन दुकानाच्या मागच्या खिडकीशी जायचे, पांढऱ्या भिंतीसमोर ती धरायचे, डोळे बारीक करायचे आणि मग मुद्दाम दुसरीकडेच बघत राहायचे. दुसरीकडे बघून डोळा ताजा झाला की परत वस्तूकडे. “दिवा तोंडपुज्या असतो,” ते म्हणत, “समोरच्याला बरं वाटेल तेच दाखवतो.”

त्यांचा धंदा मुलाम्याचा. पितळेच्या, तांब्याच्या, चांदीच्या वस्तूंवर सोन्याचं पाणी चढवून द्यायचं. चष्म्याच्या काड्या, घड्याळांचे पट्टे, शर्यतीची पदकं, कानातली, कुणाच्या आजोबांची सिगारेटची डबी. दुकान म्हणजे एकामागे एक अशा दोन अरुंद खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत काम. मागच्या खोलीत काचेची भांडी, तांब्याच्या तारा, वीज कमीजास्त करायची एक जुनी पेटी आणि कोपऱ्यात एक झाकणाचं पिंप. हात धुतलेलं पाणी या पिंपात जायचं, गटारात नाही. झाडलेला केरसुद्धा डब्यात साठवायचा. कामाचा अंगरखा फाटला तरी मामा तो फेकत नसत. जाळून त्याची राख गाळणाऱ्याकडे द्यायचे. सोनं नाहीसं होत नाही, ते कुठेतरी बसलेलं असतं, फक्त शोधायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, कारण त्यांची भाची लहानपणी शाळा सुटली की दुकानातच येऊन बसायची आणि दर दोन मिनिटांनी “मामा, हे काय?” अशी हाक मारायची. समोरच्या घड्याळजीने ती हाक उचलली, त्याच्याकडून गिऱ्हाइकांनी. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. “हे काय” विचारायची खोड मात्र भाचीची नव्हे, मामांचीच. भाचीने ती घेतली होती एवढंच. दाताच्या डॉक्टरसमोर तोंड वासून बसलेले असतानाही हे गृहस्थ हातांनी खुणा करून विचारायचे, की ही फिरकी पाण्यावर चालते की हवेवर. मामी म्हणायची, यांना उद्या कुणी खड्ड्यात ढकललं तर पडतापडता खड्डा कशाने खणला ते विचारतील.

साखरेचा आजार मामांना बरीच वर्षं होता. सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि बिनसाखरेच्या चहाबद्दल कुरकुर करायची, असं सगळं रीतसर चाललं होतं. मुलाम्याचं पाणी किती तापलं हे मामा भांड्याला बाहेरून बोटांची मागची बाजू लावून ओळखायचे. त्यांच्या उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी बोटं लावली आणि ऊब यायची वाट बघत उभे राहिले. ऊब काही येईना. शेगडीची तार तुटली की काय म्हणून त्यांनी वाकून बघितलं, तर तार लालभडक. घड्याळजी मागच्या खोलीत सुई-दोरा मागायला आला होता. तो म्हणाला, “अरे, हात बघ तुझा.” बोटांवर टरारून फोड आले होते. दुखत काहीच नव्हतं. मामा त्या फोडांकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसे बघत राहिले.

डॉक्टरांनी बोटांना आणि तळपायांना टाचणी लावून बघितली, कापूस लावून बघितला. मग सरळ सांगितलं, की जाणीव जायला लागली आहे. गेली आहे ती किती परत येईल याची हमी देता येत नाही, पण राहिली आहे ती राखायची असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. आता इन्सुलिन, रोज, स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचं.

मामांनी मान डोलावली आणि सुई आणली नाही. हातातलं काम संपू दे, म्हणाले. मामीने विचारलं तर म्हणाले, बघू. पुन्हा विचारलं तर पेपर उघडला. यामागे त्यांचे उस्ताद होते. उस्तादांनाही अशीच सुई सुरू झाली होती, आणि सुई सुरू झाली त्यानंतर ते परत कामाच्या पाटावर बसले नाहीत. उशीर झाला होता म्हणून सुई आली होती, सुई आली म्हणून उशीर झाला नव्हता, हे मामांना नीट कळत होतं. पण कळणं वेगळं आणि संध्याकाळी घरी येताना औषधाच्या दुकानासमोर थांबणं वेगळं. त्यांच्या मनात सुई म्हणजे कामाच्या खोलीची कडी बाहेरून लागणं, एवढंच बसलं होतं.

मामीचं मन तितकं गुंतागुंतीचं नव्हतं. तिला नवऱ्याची बोटं हवी होती, आणि पायही. सुट्टीच्या दिवशी भाची जेवायला आली तेव्हा तिने ताटं वाढतावाढताच तक्रार मांडली. भाची आता मोठी झाली होती, एका प्रयोगशाळेत काम करत होती. कसलं काम, तर औषधांचं, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. मामांनी पूर्वी खोदून खोदून विचारलं होतं, पण तिची उत्तरं इतकी लांब आणि इतक्या परक्या शब्दांची होती की तेसुद्धा गप्प बसले होते.

भाचीने आधी समजावलं, मग दटावलं, मग रुसून बघितलं. मामा पाणी प्यायले. शेवटी वातावरण हलकं करावं म्हणून ती म्हणाली, की मामा, आमच्याकडे सध्या तुझंच सोनं चाललंय बघ, साखरेच्या औषधाला.

मामांचा घास हातातच राहिला.

आपण काय करून बसलो हे भाचीला पुढे कळलं. त्या वेळी मात्र तिला नुसता आनंद झाला, की मामाने किती वर्षांनी तिला “हे काय?” असं विचारलं. तिने जेवण बाजूला सारून समजावलं. सोन्याचे कण करायचे, पण इतके बारीक, की केसाच्या जाडीवर एकाला एक लावून ठेवले तर हजारो बसतील. मग त्या प्रत्येक कणाच्या अंगावर औषध चिकटवायचं, तेच औषध जे मामा सकाळ-संध्याकाळ गोळीतून घेतात. नुसती गोळी पोटात गेली की औषध सगळीकडे पसरतं, थोडंसंच कामाला येतं. कणावर बसून गेलं तर कदाचित हवं तिथे पोचेल, जास्त वेळ टिकेल, कमी औषधात भागेल.

“म्हणजे सोनं औषध नाही,” मामा म्हणाले.

“नाही. सोनं हमाल. माल औषध.”

मामांनी थोडा विचार केला. बोटांवरच्या पट्टीचं टोक उचकटत म्हणाले, “उलटा मुलामा झाला हा. आम्ही आत हलकं काहीतरी ठेवतो आणि वर सोनं चढवतो. तुम्ही सोनं आत घालता आणि वरून औषध.”

भाचीला हे इतकं आवडलं की तिने ते दोनदा म्हणून बघितलं. मामी म्हणाली, आत-बाहेर काही असो, भात निवतोय.

पुढच्या आठवड्यात भाची त्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि आत शिरल्यावर मामांना आपल्याच दुकानाचा वास आला, तेजाबाचा, जळजळीत आम्लाचा. जीव जरा भांड्यात पडला. धूर ओढून घेणारं काचेचं कपाट बघून ते म्हणाले, हे आमच्याकडे असतं तर उस्तादांचा खोकला वाचला असता. एका भांड्यात पाणी आपोआप गरगरत होतं. तळाशी पांढरं दांडकं फिरत होतं आणि हात लावणारं कुणी नव्हतं. मामा तिथेच रुतले. खाली चुंबक फिरतो, त्याच्या ओढीने वरचं दांडकं फिरतं, हे कळेपर्यंत ते हलले नाहीत. कळल्यावर त्यांनी भाचीकडे असं बघितलं, की हे तू मला इतकी वर्षं सांगितलं कसं नाहीस.

मग तिने एक छोटी बाटली हातात दिली. आतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल, स्वच्छ, आरपार.

मामांनी बाटली खिडकीशी नेली. भिंतीसमोर धरली. दुसरीकडे बघितलं, परत बघितलं.

“हे सोनं नाही.”

“आहे, मामा.”

“चाळीस वर्षं सोनं बघतोय मी. पिवळं असतं, फार तर तांबूस, फार तर हिरवट. लाल नसतं.”

“इतकं बारीक झालं की लाल दिसतं. प्रकाश त्याच्याशी वेगळा वागतो. आणि कण एकमेकांना चिकटले, गोळा झाले, की निळं दिसतं.” तिने प्रकाशाचा एक बारीक झोत बाटलीतून सोडला. साध्या पाण्याच्या बाटलीत झोत दिसेनासा झाला, लाल बाटलीत मात्र एक उजळ रेघ आरपार उमटली. “बघ, आहेत ते आत. तेच उजळतायत.”

चाळीस वर्षं एकाच माणसाबरोबर संसार करावा आणि एके दिवशी त्याला चांगलं गाता येतं हे शेजाऱ्याकडून कळावं, तसं मामांचं झालं. मग त्यांनी आपल्या धंद्यातला प्रश्न विचारला. औषध उतरून गेल्यावर सोनं कुठे जातं?

भाचीने बाटली परत घेतली, जागेवर ठेवली. काही बाहेर पडतं, ती म्हणाली. काही यकृतात राहून जातं, बरेच दिवस. किती दिवस, त्याने पुढे काय होतं, हे अजून बघायचंच आहे. जगभर लोक त्याच प्रश्नापाशी अडकले आहेत. आत्ता सगळं उंदरांवर चाललंय. काही उंदरांची साखर उतरते, काहींची नाही. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, आणि कदाचित येणारही नाही.

तिने हे शब्द नीट, हळू म्हटले होते. मामांनी ते ऐकलेही होते. पण ऐकलेल्यातलं कुठलं मनात उतरवून घ्यायचं हे माणसाच्या हातात असतं, आणि मामांनी त्यातली लाल बाटली तेवढी उतरवून घेतली.

डॉक्टरांना त्यांनी कळवून टाकलं, की थोडं थांबू, नवीन औषध येतंय. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं? मामा म्हणाले, सोन्याचं. डॉक्टर चांगले होते, हसले नाहीत. फक्त म्हणाले, ते येईपर्यंत बोटं थांबतील का, ते बोटांना विचारा. घड्याळजी मात्र पोट धरून हसला. म्हणाला, तुला आता पिंपातच राहायला पाहिजे, नाहीतर घामातून सोनं गळेल. मामा म्हणाले, तू तुझे काटे जुळव. पण घरी मामीने त्या दिवसापासून सुईचा विषय काढणं बंद केलं. जेवायला वाढायची, पाय चेपून द्यायची, चेपताना तळव्याला हळूच नख लावून बघायची, आणि मामांनी पाय मागे घेतला नाही की तशीच चेपत राहायची. ती बोलत नव्हती हे मामांना तिच्या बोलण्यापेक्षा जड जात होतं.

डोक्यात एकदा भुंगा शिरला की मामांना चैन पडत नसे. सोनं आपल्याकडे आहे. ते पातळ करणारं तेजाब आहे. भाचीने बोलताबोलता सांगितलं होतं, की सोन्याला लाल करायला त्या लिंबातल्या आंबटाचाच एक क्षार वापरतात. आणि औषध? ते तर उशाशी पाकिटातच पडलंय. मुलाम्याच्या पाण्याला हात लावायचा नाही एवढी अक्कल त्यांना होती. ते पाणी विष असतं हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी कान पिळून सांगितलं होतं. म्हणून त्यांनी वेगळी भांडी काढली, घासूनपुसून लख्ख केली, आणि सुट्टीच्या दुपारी दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

पहिल्यांदा नुसतं गढूळ पाणी झालं. दुसऱ्यांदा काळपट. काय जास्त झालं, काय कमी, तेजाब पुरतं उडालं की नाही, याचा हिशोब मामांनी डोक्यातच ठेवला. अशा अनेक दुपारी गेल्या. घरी सांगायचे, पदकांची मोठी ऑर्डर आहे. भाजल्या बोटांनी भांडं धरायचं म्हणजे आता नजरेनेच धरावं लागायचं. बोट कुठे टेकलंय हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. दोनदा काच निसटली. मामा केर डब्यात भरत आणि पुन्हा बसत.

आणि एका दुपारी पाणी तापतातापता आधी बिनरंगाचं झालं, मग राखेसारखं झालं, मग कुठून कसा कोण जाणे, त्यात लाली चढायला लागली. मामांनी शेगडी बंद केली आणि श्वाससुद्धा बेताने घेतला. भाचीच्या बाटलीइतकं स्वच्छ नव्हतं ते, जरा जांभळ्याकडे झुकत होतं, पण लाल होतं. खिडकीशी नेलं. भिंतीसमोर धरलं. दुसरीकडे बघितलं. परत बघितलं, तरी लालच. चाळीस वर्षांनी त्यांना पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसासारखं हसू फुटलं, आणि ते दाखवायला खोलीत कुणी नव्हतं.

आता औषध चढवायचं. मामांनी आपली गोळी खलात बारीक कुटली, चाळून घेतली आणि चमच्याच्या टोकाने त्या लाल पाण्यात सोडली. हे पाणी संध्याकाळपर्यंत असंच लाल राहिलं तर त्यातलं एक चमचाभर घ्यायचं, हे त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. मामीला नंतर सांगायचं. भाचीलाही नंतरच.

भुकटी पाण्यावर तरंगली, मग खाली निघाली, आणि ती जिथून जिथून गेली तिथून लाली मरत गेली. मामांनी हलवलं. सगळं जांभळं झालं. बघताबघता निळं, पावसाळी आभाळासारखं. मामा स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत वर साधं पाणी आणि तळाशी काळी धूळ, एवढंच उरलं होतं.

त्यांनी पुन्हा केलं. कमी भुकटी घालून केलं, थेंबाथेंबाने केलं, गोळी आधी पाण्यात विरघळवून आणि गाळून केलं. लाल करणं आता जमायला लागलं होतं. पण औषध पडलं की निळं, दर वेळी. मुलामा चढत नसला की वस्तू मळकी आहे असं समजायचं, ही त्यांची शिकवण. पण इथे धुवायचं काय? कण तर दिसतही नव्हता.

शेवटी त्यांनी भाचीला फोन केला. हवापाण्याचं काहीही न विचारता म्हणाले, सोन्यावर औषध चढत नाहीये, निळं पडतंय.

ती म्हणाली, तिथेच थांब, आणि कशालाही तोंड लावू नकोस.

ती आली तेव्हा तिला धाप लागली होती. मामीलाही बरोबर घेऊन आली होती. बहुधा तिने वाटेत सगळं सांगितलं होतं, कारण मामी दारातच थांबली, आत आली नाही. फळीवर ओळीने ठेवलेल्या बाटल्या भाचीने एकेक उचलून बघितल्या. लाल एकच होती, बाकी सगळ्यांत तळाशी काळी धूळ.

“यातलं प्यायलास?”

“नाही.”

“पिणार होतास?”

मामा घोटाळले. भाचीशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “लाल राहिलं असतं तर,” ते म्हणाले.

भाची मटकन स्टुलावर बसली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. यात तेजाबाचं काय काय राहिलंय तुला माहीत नाही, ती म्हणाली, कण केवढे झालेत माहीत नाही, पोटात गेल्यावर काय करतील ते तर मलाही माहीत नाही. ओरडून झालं तेव्हा ती लाल बाटली तिच्या हातातच होती. तिने नकळत ती खिडकीकडे धरली. थोडा वेळ बघत राहिली.

“पण हे तू केलंस कसं?” तिने विचारलं, आणि दोघंही एकदम हसली. दारातून मामी म्हणाली, शाब्बास, एकाला झाकावं तर दुसरी तशीच.

मग मामांनी त्यांना पडलेला प्रश्न विचारला. निळं का पडतं?

भाचीने बाटली खाली ठेवली. म्हणाली, हे कण पाण्यात तरंगतात ते एकमेकांना ढकलत असतात म्हणून. सगळ्यांच्या अंगावर सारखाच विजेचा भार असतो, म्हणून कुणी कुणाच्या जवळ येत नाही. तू औषध टाकलंस, गोळीतले क्षार टाकलेस, गोळी बांधायला घालतात तो खडू टाकलास. ते ढकलणंच संपलं. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि बुडाले.

“आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे बरं चढतं?”

“पहिलं वर्ष माझंही निळंच पडत होतं, मामा. रोज. घरी येऊन रडायचे मी. मग कणाच्या अंगावर आधी दुसरं एक अस्तर द्यायचं आणि मग त्यावर औषध, असं केलं तेव्हा लाल राहिलं. पण अस्तर दिलं की औषध सुटत नाही वेळेवर. सुटतं ते केलं की टिकत नाही. टिकतं ते केलं की उंदराच्या यकृतात साठतं. एक नीट केलं की दुसरं उसवतं. तू महिनाभरात जिथे आलास ना, तिथे आम्ही सगळे अजून उभे आहोत. थोडं पुढे, फार पुढे नाही.”

मामा तळाशी बसलेल्या काळ्या धुळीकडे बघत होते. भाचीने हे सगळं आधीही सांगितलं होतं, प्रयोगशाळेत, नीट, हळू. पण तेव्हा ते नुसते शब्द होते. आता त्यांनी स्वतःच्या हाताने लाल केलं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी ते निळं पडताना बघितलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. काम कुठल्या टप्प्यावर आहे हे त्यांना आता दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. जन्मभर गिऱ्हाइकं त्यांच्या दारात उभी राहून म्हणायची, झालं असेल तर देऊन टाका ना, चालेल. आणि मामा वस्तू खिडकीशी नेऊन बघायचे आणि म्हणायचे, झालेलं नाही. रागवा, पण झालेलं नाही.

“झालेलं नाही,” ते म्हणाले.

“नाही,” भाची म्हणाली.

“करशील?”

“करत राहीन. होईल का ते नाही सांगता येत.”

मामांनी आपली बोटं पुढे धरली. जुने फोड सुकून कातडी निघाली होती, नवी कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती. त्यांनी अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकावरून फिरवून बघितला. करंगळीजवळच्या दोन बोटांत अजून बरीच जान होती. मधल्या बोटात पुसट. “एवढी राहिलीत,” ते दाराकडे बघून म्हणाले. “मी थांबलो तर ही थांबायची नाहीत.”

मामी दारातून आत आली. पिशवीतून औषधाच्या दुकानातलं खोकं काढून पाटावर ठेवलं. ते तिने केव्हा आणून ठेवलं होतं, कोण जाणे; खोक्याचे कोपरे पिशवीत राहून राहून दबले होते. औषधाची कुपी मात्र घरी फ्रिजमध्ये ठेवलीय, ती म्हणाली, तेवढं कळतं मला.

बाटल्यांतलं सगळं पाणी पिंपात गेलं. ते गटारात ओतायला मामांनी भाचीलाही हात लावू दिला नाही. एक लाल बाटली तेवढी त्यांनी फळीवर ठेवली, घट्ट बूच लावून, आणि बुचावर चिठ्ठी डकवली: पिऊ नये.

संध्याकाळी घरी जेवणाआधी मामा खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी फोनवरून किती घ्यायचं ते सांगितलं होतं, भाचीने दोनदा करून दाखवलं होतं. शर्ट वर, पोटाची कातडी चिमटीत. मामांनी सुई हातात घेतली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

मामीने भाचीकडे बघितलं. भाचीने मामांच्या चेहऱ्याकडे. मग तिच्या लक्षात आलं, की ही भीती नव्हे. तिने लहानपणापासून बघितलेला तो चेहरा होता.

“ही पोकळ आहे,” मामा म्हणाले.

“हो, मामा.”

“एवढी बारीक, आणि आतून पोकळ. टोकाला तिरका काप, आणि कापाच्या कडेला पण पैलू आहेत वाटतं.” त्यांनी सुई खिडकीकडे धरली. उजेड अजून होता. “बाहेरून घासता येईल, समजा. पण आतून? आतून ही गुळगुळीत कशी करतात? घड्याळजीकडचं भिंग घेऊन ये जरा.”

“उद्या आणू,” भाची म्हणाली.

“आणि हे टोक एकदाच वापरायचं? एवढं काम करून एकदाच?”

“अहो,” मामी म्हणाली, “टोचा आता. जेवण निवतंय.”

मामांनी टोचलं. काहीच विशेष झालं नाही. मुंगी चावल्याइतकंही नाही, ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांच्या मनात आलं, की पोटालाही जाणीव राहिली नाही की काय. भाची म्हणाली, नाही रे, ती सुईच तशी बनवलीय, न दुखणारी. मामा म्हणाले, तेच तर विचारतोय, कशी? आणि ताटावर बसल्यावरही वापरलेली ती सुई टोपणात घालून त्यांनी आपल्या उजव्या हाताशी, पाण्याच्या पेल्यामागे ठेवून दिली होती, उद्या भिंगातून बघायला.